येत होतं, तरी चुकलं: जीमॅटच्या तयारीत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होत असतील तर

जीमॅट ही व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा देणाऱ्या बहुतेकांचं लक्षण सारखंच असतं. मॉक (सराव परीक्षा) संपते, स्कोअर अपेक्षेपेक्षा कमी येतो आणि चुकलेले प्रश्न उघडून बसलं की दर दोन-तीन प्रश्नांनी तोंडातून निघतं, ‘अरे, हे तर येत होतं!’ मग वहीत त्या प्रश्नापुढे ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं, स्वतःवर थोडं चिडायचं, पुढच्या वेळी नीट लक्ष द्यायचं ठरवायचं आणि दुसरी मॉक लावायची. तिच्यात पुन्हा तेच. प्रश्न वेगळे, घसरण्याची जागा तीच.

माझी वही अशा ‘सिली’नी भरलेली होती. एकदा चार मॉकची पानं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा कळलं की तो शब्द जवळपास प्रत्येक पानावर आहे आणि त्यातून मला काहीही समजत नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगावं आणि औषध मागावं, तसला प्रकार. ‘सिली’ म्हटलं की चूक किरकोळ ठरते, आणि किरकोळ गोष्टीची चौकशी कोण करतो? म्हणून पहिलं काम हेच, की वहीतून हा शब्द हद्दपार करायचा.

खाली जे आहे ते अभ्यासक्रम बऱ्यापैकी झालेल्या आणि तरीही गुण गळत असलेल्या माणसासाठी आहे. उदाहरणं जीमॅटची आहेत, कारण मी तीच परीक्षा दिली. व्यवस्थापनाच्या इतर प्रवेशपरीक्षांत प्रश्नांची संख्या आणि नियम वेगळे असतात, पण हात जिथे घसरतो त्या जागा फारशा बदलत नाहीत.

आधी खात्री करा: हा खरंच निष्काळजीपणा आहे का?

हा प्रश्न अवघड आहे, कारण ‘मला येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘माझं लक्ष नव्हतं’ म्हणणं मनाला सोपं जातं. एक नमुना बघा. वस्तूची किंमत २५ टक्क्यांनी वाढून २५० झाली, तर मूळ किंमत किती? एकाने २५० मधून २५ टक्के वजा केले आणि १८७.५ लिहिलं. उत्तर बघितल्यावर तो म्हणतो, ‘छे, घाईत आकडेमोड चुकली.’ पण आकडेमोड अगदी बरोबर आहे. २५ टक्के कशाचे घ्यायचे, हेच त्याला ठामपणे माहीत नव्हतं. वाढ मूळ किमतीवर झाली, म्हणून २५० म्हणजे मूळ किमतीचे १२५ टक्के आणि मूळ किंमत २००. ही चूक लक्ष देऊन सुटणार नाही, तिच्यासाठी शेकडेवारीच्या धड्याकडे परत जावं लागेल.

मानवी चुकांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हा फरक नेमका मांडला होता. करायचं बरोबर ठरवलं पण हातून दुसरंच घडलं, हा एक प्रकार. करायचं ते मध्येच विसरलं, हा दुसरा. आणि जे करायचं ठरवलं तेच मुळात चुकीचं होतं, हा तिसरा. पहिले दोन म्हणजे आपण ज्यांना निष्काळजीपणा म्हणतो ते. तिसरा अज्ञानाचा, आणि तो पहिल्या दोघांच्या कपड्यांत हिंडत असतो.

ओळखायची चाचणी सोपी आहे, फक्त तिला प्रामाणिकपणा लागतो. चुकलेला प्रश्न लगेच सोडवू नका आणि त्याचं स्पष्टीकरणही वाचू नका. एक-दोन दिवसांनी टायमर न लावता कोऱ्या कागदावर तो सोडवा. न अडखळता बरोबर आला आणि प्रत्येक पायरी का घेतली हे तोंडी सांगता आलं, तर ती हात घसरल्याची चूक. अडखळलात, दोन पद्धतींमध्ये घुटमळलात किंवा ‘असंच करतात’ एवढंच सांगता आलं, तर ती न येण्याची चूक. तिची यादी वेगळी करा. व्हर्बलमध्ये (भाषेच्या विभागात) ‘दोन ऑप्शनवर आलो होतो, नेमका चुकीचा निवडला’ हे वाक्यही बहुतेक वेळा याच दुसऱ्या यादीत जातं. दोन ऑप्शनमधला फरक सांगता येत नाही, याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत.

ही चाळणी लावल्यावर माझ्या ‘सिली’ चुकांचा ढीग बराच कमी झाला. वाईट वाटलं, पण निदान कुठल्या धड्याला बसायचं ते कळलं. उरलेल्या चुकांबद्दल पुढे.

वहीत नेमकं काय लिहायचं

बहुतेकांच्या एरर लॉगमध्ये (चुकांच्या वहीत) प्रश्नाचा क्रमांक, विषय आणि बरोबर उत्तर असतं. घसरण्याच्या चुका शोधायला हे पुरत नाही. ‘रेशो, मध्यम काठिण्य, चूक’ यातून काय कळणार? रेशो तर येतोच आहे.

त्याऐवजी एक वाक्य लिहा, आणि त्या वाक्यात क्रियापद हवं. डोळ्याने काय केलं, हाताने काय केलं, कोणत्या क्षणी केलं. ‘मुलींची संख्या काढली आणि तिथेच थांबलो, विचारला होता फरक.’ ‘दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत जाताना वजा चिन्ह गाळलं.’ ‘वेळ तास-मिनिटांत होता, दशांशात लिहिताना घोळ केला.’ अशी वीस-पंचवीस वाक्यं जमली की ती एका बैठकीत मोठ्याने वाचा. गंमत अशी, की माणूस वीस प्रकारे चुकत नाही. प्रत्येकाच्या तीन-चार लाडक्या चुका असतात आणि त्याच वेगवेगळे वेश घेऊन येतात. माझ्या तीन होत्या. तुमच्या त्याच असतील असं नाही, म्हणून माझी यादी उतरवून घेण्यात अर्थ नाही.

शेजारी आणखी एक रकाना ठेवा: आधीच्या प्रश्नाला किती वेळ लागला होता. तो कशासाठी, ते पुढे येईलच.

विचारलं एक, दिलं दुसरं

माझी पहिली लाडकी चूक ही, आणि माझ्या मते सगळ्यांत महाग चूकही हीच, कारण यात सगळं गणित बरोबर असतं.

एका गटात मुलं आणि मुली यांचं गुणोत्तर ३:५ आहे, एकूण ७२ जण आहेत, तर मुली मुलांपेक्षा कितीने जास्त? आठ भाग, एक भाग ९ चा, मुलं २७, मुली ४५. इथवर आलं की मेंदूला काम संपल्यासारखं वाटतं, नजर ऑप्शनवर जाते, तिथे ४५ दिसतो आणि बोट दाबलं जातं. उत्तर आहे १८. ऑप्शनमध्ये २७ असतो, ४५ असतो, १८ असतो. प्रश्न काढणाऱ्याला आपण कुठे थांबणार हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ‘आपलं उत्तर ऑप्शनमध्ये आहे’ हा पुरावा धरायचाच नाही.

यावर ‘प्रश्न नीट वाचा’ हा सल्ला सगळे देतात आणि त्याचा शून्य उपयोग होतो. प्रश्न वाचलेलाच असतो. अडचण अशी, की वाचल्यापासून उत्तर येईपर्यंत दीड-दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात डोक्यात आकडे भरल्यामुळे मूळ विचारणा बाहेर ढकलली जाते. तेव्हा ती डोक्यात ठेवायचीच नाही, कच्च्या कामाच्या पाटीवर ठेवायची. प्रश्न वाचून झाला की पहिली गोष्ट म्हणून जे विचारलंय ते कोपऱ्यात लिहायचं आणि त्याभोवती चौकट करायची: ‘मुली − मुलं = ?’ गणित त्यानंतर. आणि उत्तर निवडण्याआधी नजर ऑप्शनवरून नाही, त्या चौकटीवरून जायला हवी.

हे पोरकट वाटतं, मलाही वाटलं होतं. जपानी रेल्वेत मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून तो कोणता आहे हे मोठ्याने म्हणतात. वर्षानुवर्षं तोच मार्ग चालवणारा माणूसही हे करतो, कारण डोळ्यांनी पाहणं आणि पाहिलेलं मनात नोंदलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात आणि तोंड कामाला लावलं की दुसरी गोष्ट घडते. परीक्षेच्या खोलीत मोठ्याने बोलता येत नाही, पण लिहिता येतं.

या चुकीचा एक धाकटा भाऊ आहे: अट विसरणं. ‘क्ष हा धन पूर्णांक आहे’ हे पहिल्या वाक्यात आलेलं असतं आणि शेवटी आपण अपूर्णांक घेऊन बसतो. किंवा उलट, अट दिलेलीच नसते आणि आपण ती मनाने घालतो. क्ष ३ आणि ५ यांच्या मध्ये आहे म्हटलं की ४ लिहून मोकळे, पण तो पूर्णांक आहे असं कोण म्हणालं? क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्ही बाजूंचा क्ष काढून ५ म्हणायचं, शून्य राहून जातं. यावर माझा उपाय एवढाच होता, की चौकटीच्या खाली अट लिहायची, आणि अट दिलेली नसेल तर तिथे ‘ऋण? शून्य? अपूर्णांक?’ या तिघांसाठी तीन टिंबं काढायची. टिंबं रिकामी दिसली की हात थांबतो.

पाटीवर उतरवताना

जीमॅटमध्ये प्रश्न पडद्यावर आणि काम हातातल्या पाटीवर. परीक्षा केंद्रात मार्करने लिहायच्या गुळगुळीत पानांची वही मिळते. म्हणजे प्रत्येक आकडा आधी डोळ्यांनी उचलून हाताने दुसरीकडे नेऊन ठेवायचा. या वाहतुकीत माल सांडतो. ०.०६ चा ०.६ होतो, ३ − (क्ष − ५) चा −२ − क्ष होतो, मार्करचं जाड टोक आणि घाईचं अक्षर यांमुळे स्वतःचाच १ नंतर ७ वाचला जातो.

वर्षभर बारीक टोकाच्या पेनाने रेघांच्या कागदावर सराव करून ऐन वेळी मार्कर हातात घेणं, हा धोका विनाकारण ओढवून घेतलेला. निदान शेवटचे दोन महिने मार्कर आणि पुसता येणारी पाटी यांवरच सोडवा. प्रत्येक प्रश्नाला वेगळा कप्पा आखा आणि वरून खाली लिहा. उरलेल्या मोकळ्या जागेत तिरकं कोंबलेलं गणित हे माझ्या कितीतरी चुकांचं माहेर होतं.

चिन्हाच्या चुकीवर एकच नियम मला लागू पडला: कंसाच्या आधी वजा असेल तर कंस सोडवणं ही स्वतंत्र ओळ. ३ − (क्ष − ५), खाली ३ − क्ष + ५, त्याखाली ८ − क्ष. तीन ओळी, पाच-सहा सेकंद. मनातल्या मनात दोन पायऱ्या एकदम घेणारे हुशार असतात हे मान्य, पण त्यांच्या वह्या बघाव्यात.

एककांचं एक उदाहरण खास सांगण्यासारखं आहे. ९६ किलोमीटर अंतर १ तास २० मिनिटांत कापलं, वेग किती? १ तास २० मिनिटं म्हणजे चार तृतीयांश तास, म्हणून वेग ताशी ७२ किलोमीटर. पण ‘१.२ तास’ असं लिहिलं तर उत्तर येतं ८०. बघा, ८० हा कसा स्वच्छ, गोल आकडा आहे! वेडंवाकडं उत्तर आलं की आपण सावध होतो, स्वच्छ आलं की खूश होतो, आणि नेमका तिथेच फसतो. यासाठी अंदाजाची सवय लावा. १ तास २० मिनिटं म्हणजे सव्वा तासापेक्षा थोडं जास्त. ताशी ८० चा वेग असता तर सव्वा तासातच १०० किलोमीटर झाले असते. झालेत ९६, तेही जास्त वेळात. तेव्हा वेग ८० पेक्षा कमीच असणार. उत्तर पुन्हा काढण्यापेक्षा हे लवकर होतं आणि चूक दुसऱ्या दिशेने पकडतं. तेच गणित त्याच पद्धतीने पुन्हा केलं तर तीच चूक पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, कारण डोळ्याला ती वाट आता ओळखीची झालेली असते.

डेटा सफिशियन्सी: चुकांचं आगार

हा प्रकार आता क्वांटमध्ये (गणिताच्या विभागात) नाही, डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते, आलेख आणि माहिती पारखण्याच्या विभागात) येतो. इथे उत्तर काढायचं नसतं, दिलेली दोन विधानं एकेकटी किंवा मिळून पुरतात का एवढंच सांगायचं असतं. आणि इथल्या घसरणी ठरलेल्या आहेत.

पहिली म्हणजे पहिल्या विधानाचा वास दुसऱ्याला लागणं. य किती? पहिलं विधान: क्ष = ४. दुसरं विधान: क्ष + य = १०. दुसऱ्याकडे येईपर्यंत क्ष = ४ डोक्यात ठाण मांडून बसलेला असतो, य = ६ दिसतो आणि ‘दुसरं विधान एकटं पुरेसं’ असं उत्तर जातं. एकटं ते पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतात. सोप्या उदाहरणात हे हास्यास्पद दिसतं, पण विधानं दोन-दोन ओळींची झाली की भले भले इथे सापडतात. मी पाटीवर मधोमध उभी रेघ मारायचो. डावीकडे पहिलं, उजवीकडे दुसरं. उजवीकडचं लिहिताना डावी बाजू चक्क तळहाताने झाकायचो. विनोदी दिसत असेन, पण चुकांची ती जात माझ्या वहीतून गेली.

दुसरी घसरण ठाम ‘नाही’ला अपुरं समजण्याची. न ही सम संख्या आहे का? विधान: न = २क + १, क पूर्णांक. न विषम आहे, म्हणजे उत्तर ‘नाही’, आणि ते ठाम आहे, म्हणून विधान पुरेसं. घाईत मन ‘नाही’ ऐकतं आणि हात ‘अपुरं’ निवडतो. अशा प्रश्नांत पाटीवर ‘हो/नाही’ असं न लिहिता ‘ठाम/डळमळीत’ असं लिहून बघा.

तिसरी घसरण ऋण संख्येची. क्ष किती? पहिलं: क्ष² = ४९. दुसरं: क्ष > −८. पहिल्यातून ७ आणि −७, हे हल्ली सगळ्यांना आठवतं. पण दुसरं विधान दिसलं की ‘हां, हे ऋण उत्तर काढून टाकायला दिलंय’ असं वाटतं आणि ‘दोन्ही मिळून पुरेसं’ निवडलं जातं. −७ हा −८ पेक्षा मोठाच आहे. दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. इथे नडते ती सवय. आधीच्या दहा प्रश्नांत दुसऱ्या विधानाने ऋण उत्तर काढलेलं असतं, म्हणून अकराव्यातही ते काढेल असं आपण न तपासता धरून चालतो. अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये पाण्याच्या भांड्यांच्या कोड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सलग काही कोडी एका लांबलचक पद्धतीने सुटली, की पुढचं कोडं साध्या रीतीने सुटत असूनही बहुतेक लोक जुनीच पद्धत वापरत राहिले. एकाच प्रकारचे चाळीस प्रश्न एका बैठकीत सोडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या बैठकीत वेग वाढतो खरा, पण प्रश्न न बघता सोडवायची सवयही लागते. विषय मिसळून सराव करा.

डेटा इनसाइट्सचं बाकीचं थोडक्यात. आलेखाच्या अक्षावर हजार लिहिलंय की दशलक्ष, आणि अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे आकडा वाचण्याआधी बघायचं. ४० टक्क्यांवरून ५० टक्के म्हणजे १० टक्के-बिंदूंची वाढ पण २५ टक्के वाढ, हा भेद प्रश्नाच्या एका शब्दात दडलेला असतो. टू-पार्ट अ‍ॅनालिसिसमध्ये (इथे एका प्रश्नाची दोन उत्तरं दोन स्तंभांत निवडायची असतात) दोन्ही उत्तरं बरोबर काढून स्तंभ उलटे भरणारे मी स्वतः पाहिलेत (आरशात). एका प्रश्नाचे अनेक भाग असतील तर सगळे बरोबर आले तरच गुण, अर्धे गुण नाहीत. आणि पडद्यावरचा कॅल्क्युलेटर फक्त याच विभागात मिळतो. तो आहे म्हणून प्रत्येक गोष्टीला वापरला, तर बटणांच्या चुका वाढतात.

व्हर्बलमध्ये घसरणीची जागा मुख्यतः एकच: विचारणा. युक्तिवाद कमजोर करणारा ऑप्शन हवा असताना बळकट करणारा निवडला जातो, ‘खालीलपैकी कोणतं सोडून’ यातलं ‘सोडून’ हरवतं. पाटीवर एक खूण पुरते: कमजोरला खाली जाणारा बाण, बळकटला वर जाणारा, ‘सोडून’ला फुली. आणि उताऱ्यात ‘काही’ होतं की ‘बहुतेक’, हे आठवणीवर सोडू नका, परत जाऊन बघा. उतारा समोरच आहे.

चूक जिथे दिसते, तिथे ती झालेली नसते

आता तो जास्तीचा रकाना. क्वांटमध्ये ४५ मिनिटांत २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये ४५ मिनिटांत २३, डेटा इनसाइट्समध्ये ४५ मिनिटांत २०. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास. माझ्या घसरण्याच्या चुका प्रश्नांच्या क्रमाने मांडल्या, तेव्हा त्या विखुरलेल्या नव्हत्या, घोळक्याने होत्या. आणि घोळक्याच्या आधी जवळजवळ नेहमी एक प्रश्न असायचा, ज्याला चार किंवा पाच मिनिटं लागली होती. तो अवघड प्रश्न कधी बरोबर आलेला, कधी चुकलेला. पण त्याने खाल्लेला वेळ भरून काढायला पुढचे तीन सोपे प्रश्न मी धावत सोडवले होते आणि तिथे पडलो होतो.

म्हणजे सहाव्या प्रश्नातल्या वजा चिन्हाचा गुन्हेगार पाचवा प्रश्न होता. अशा वेळी वजा चिन्हावर कितीही लक्ष दिलं तरी काही होत नाही, पाचवा प्रश्न सोडायला शिकावं लागतं. जीमॅटमध्ये उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि शेवटी प्रश्न अनुत्तरित राहिले तर स्कोअरला फटका बसतो. म्हणून सोडणं म्हणजे अंदाजाने निवडून, खूण करून पुढे जाणं. माझी मर्यादा तीन मिनिटं होती. शिवाय क्वांटसाठी हिशेब सोपा आहे: दर १५ मिनिटांना ७ प्रश्न. सात झाल्यावर घड्याळात ३० उरली पाहिजेत, चौदा झाल्यावर १५. घड्याळ याच दोन ठिकाणी बघायचं, दर प्रश्नाला नाही. दर प्रश्नाला घड्याळ बघणं हीसुद्धा चुका करण्याचीच एक रीत आहे.

शिवाय जीमॅट तुमच्या उत्तरांवरून पुढचे प्रश्न निवडत जाते. त्यात तुमच्या आवाक्यातले सोपे प्रश्न चुकणं हे एखादा डोंगराएवढा प्रश्न चुकण्यापेक्षा जास्त महागात पडतं. पाच मिनिटं ओतून तो डोंगर चढायचा आणि पायऱ्यांवर घसरायचं, हा सौदा वाईट आहे.

करून पाहिलं आणि सोडलं

सगळं हळू करणं. वेळ संपला, शेवटचे प्रश्न धावत, चुका तेवढ्याच. प्रत्येक उत्तर पुन्हा तपासणं. वर सांगितलं तसं, त्याच वाटेने गेलं की तीच चूक. रोज एक मॉक. यात चुका मोजल्या जातात, सुधारत नाहीत, आणि थकव्याच्या नव्या चुका जमा होतात. मी आठवड्याला एकावर आलो आणि मॉक देण्यापेक्षा तिची चिरफाड करायला जास्त वेळ दिला. भिंतीवर ‘काळजीपूर्वक!’ असं लिहून चिकटवणं हेही केलं होतं. तिसऱ्या दिवसापासून ते दिसेनासं झालं.

सवय बसवताना

उपाय कळला म्हणून तो परीक्षेत आपोआप होत नाही. दबावाखाली हात जुन्याच सवयीकडे धावतो. म्हणून एका वेळी एकच सवय घ्या, वहीत जी चूक सर्वांत जास्त वेळा आली तिची. चौकटीची असेल तर एक आठवडा फक्त चौकट.

आणि ती सोप्या प्रश्नांवर बसवा. हे पटायला मला वेळ लागला. अवघड प्रश्नांवर डोकं गणितात अडकलेलं असतं, तिथे नवी सवय लागत नाही. रोज पंधरा सोपे प्रश्न घ्या, जे तुम्हाला नक्की येतात, आणि लक्ष्य वेगाचं न ठेवता पंधरापैकी पंधराचं ठेवा. चौदा आले तर तो संच नापास. सुरुवातीला अपमान वाटतो. मला पहिल्या आठवड्यात एकदाही पंधरा आले नव्हते, आणि ते प्रश्न मी डोळे मिटून सोडवू शकतो असं मला वाटत होतं. बहुधा तसेच सोडवत होतो. पंधरा सलग तीन दिवस आले की टायमर लावा, मग मध्यम प्रश्नांवर जा. उत्तर बरोबर आलं पण चौकट काढली नव्हती, तर त्या प्रश्नालाही फुली. तपासायची आहे ती सवय, उत्तर नव्हे.

पुढच्या मॉकमध्ये ती चूक आली का ते बघा. सलग तीन मॉकमध्ये आली नाही तर वहीत त्या ओळीवर रेघ मारा आणि दुसरी घ्या. परत डोकं वर काढलं तर रेघ खोडा. चिन्हाच्या चुकीच्या बाबतीत माझ्यावर ही वेळ दोनदा आली, दोन्ही वेळा झोप कमी झालेल्या आठवड्यात.

परीक्षेच्या दिवशी

जीमॅटमध्ये विभागांचा क्रम तुम्ही ठरवता आणि मध्ये एकदा दहा मिनिटांची सुट्टी घेता येते. ज्या विभागात थकल्यावर जास्त घसरता, तो शेवटी ठेवू नका. कोणता, हे मॉकच्या नोंदी सांगतील.

प्रत्येक विभागाच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन उत्तरं बघता येतात आणि जास्तीत जास्त तीन बदलता येतात. खुणा हव्या तेवढ्या करता येतात, म्हणून दोन प्रकारच्या खुणा मनात वेगळ्या ठेवा: ‘सोडून दिलेला अवघड’ आणि ‘येत होता, पण काहीतरी खटकलं’. मिनिट-दोन मिनिटं उरली असतील तर दुसऱ्या प्रकाराकडे आधी जा. त्या प्रश्नाचा पाटीवरचा कप्पा शोधा, चौकट वाचा, अट वाचा, चिन्हांची ओळ बघा. चूक बोट ठेवून दाखवता आली तरच उत्तर बदला. नुसती धाकधूक होत असेल तर तसंच ठेवा आणि पुढच्या खुणेकडे जा.